सोलापूरचे रस्ते: गाडी नेमकी कुठे घसरते आणि का?

स्टिअरिंगवाला

मंडळी, मी सोलापुरात चारचाकी शिकवतो. शिकायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. क्लच कधी सोडायचा, चढावर गाडी मागे का येते, रिव्हर्स घेताना कुठे बघायचं. टायरखाली काय आहे हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ब्रेक दाबला की गाडी थांबते अशी सगळ्यांची समजूत. खरं म्हणजे ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीने. आणि जुळे सोलापुरातून निघून जुन्या पुणे नाक्यापर्यंत जाईस्तोवर ही पकड कितीतरी वेळा बदलते. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे पेव्हर ब्लॉक, तर कुठे पाइपलाइनसाठी खणून वर मुरूम लोटलेला पट्टा.

एक हिशेब मी शिकणाऱ्यांना वहीत लिहून घ्यायला लावतो. ताशी वेगाचा वर्ग करायचा आणि त्याला २५४ गुणिले घर्षणांक (म्हणजे रस्त्याची पकड किती याचा आकडा) याने भागायचं. सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून गाडी किती मीटरमध्ये थांबेल ते मिळतं. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक साधारण ०.७ धरा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. आता रस्ता झिजून गुळगुळीत झालाय, वर पाणी आहे, घर्षणांक ०.३ वर आलाय असं धरा. तीच गाडी ४७ मीटर घेते. वेग ४० वर आणला तरी २१ मीटर लागतातच. म्हणजे ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ४० ने जाणारा माणूस कोरड्यावर ६० ने जाणाऱ्याइतकाच लांब जाऊन थांबतो, आणि मनात मात्र म्हणत असतो की मी हळूच चाललोय.

यात डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. आपल्याकडे रस्ते आखताना त्यासाठी अडीच सेकंद धरतात. ताशी ६० ला तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ ४२ मीटर पुढे गेलेली असते.

पाऊस तोंडावर आलाय. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, सांडलेलं डिझेल-ऑइल आणि टायरचं झिजलेलं रबर साचत राहतं. पहिल्या सरीत या सगळ्याचा पातळ लगदा होतो. मोठा पाऊस पडून रस्ता धुऊन निघाला की पकड बरीच परत येते. सगळ्यात वाईट असतात ती सुरुवातीची मिनिटं. आपल्याकडे पावसाळ्यातही मधे मोठा खंड पडतो, त्यामुळे ही 'पहिली सर' सोलापूरकराला एका मोसमात अनेकदा भेटते. कोकणात सलग पाऊस असतो, तिथे ही गोष्ट इतक्या वेळा होत नाही.

तुम्ही रोज कुठल्या रस्त्याने जाता, तिथे काय जाणवतं, ते लिहा. रस्त्याच्या कामातले कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

होटगीरोडकर

सगळे रस्ते काँक्रीटचे करून टाका, विषय संपला. खड्डा नाही, दरवर्षी ठिगळ नाही.

निवृत्त_अभियंता

होटगीरोडकर, खड्डा नसणं वेगळं आणि पकड असणं वेगळं. माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रस्ता टायरला दोन तऱ्हेने धरतो. एक म्हणजे खडीच्या कणाचा स्वतःचा खरखरीतपणा, जो डोळ्याला नीट दिसत नाही पण बोटाला लागतो. दुसरं म्हणजे खडीच्या दाण्यांमधल्या खाचा, ज्या डोळ्याला दिसतात. कमी वेगाला पहिला गुण कामाला येतो. वेग वाढला आणि वर पाणी असलं की दुसऱ्यावर सगळं येऊन ठेपतं, कारण टायरखालच्या पाण्याला निसटायला त्या खाचांचीच वाट असते. खाचा बुजल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

आपला दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. डांबर त्याला चांगलं धरून राहतं. ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी दगडावरून पाण्यामुळे डांबर सुटण्याचा धोका जास्त, आपल्याकडे तेवढा नाही. पण दगड कुठलाही असो, हजारो चाकं त्याला घासून गुळगुळीत करतातच. घासून गुळगुळीत व्हायला तो किती दाद देत नाही हे मोजायची चाचणी आहे, पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानकांत वरच्या बिटुमिनस काँक्रीटच्या, म्हणजे डांबर-खडीच्या मिश्रणाच्या, थरासाठी ती किमान ५५ मागितलेली आहे. वरचा थर कुठल्या खाणीच्या खडीचा आहे याला म्हणूनच महत्त्व आहे. जी खडी खालच्या थरात चालते ती वर चालेलच असं नाही.

आता सिमेंटचं काँक्रीट. तिथे टायरला सुरुवातीला खडी लागतच नाही, वर सिमेंट-वाळूची साय असते. म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर तारेच्या ब्रशने किंवा लोखंडी दातांच्या फणीने आडव्या रेघा ओढतात. खोली साधारण एक मिलिमीटर यावी लागते. रेघा ओढायची वेळ थोडकीच असते. लवकर ओढल्या तर कडा फाटतात आणि उशीर झाला तर नुसता ओरखडा उठतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी काँक्रीट टाकलं तर वरचं पाणी इतक्या झपाट्याने उडतं की मजूर फणी घेऊन येईपर्यंत पृष्ठभाग कडक झालेला असतो. रस्ता मजबूत होतो, वर्षानुवर्षं टिकतोसुद्धा. पण रेघाच नसल्या तर तो पहिल्या दिवसापासून पावसात घसरडा. मजबुतीसाठी काँक्रीटचा घन (ठोकळा) दाबून बघायची चाचणी सगळे करतात, रेघांची खोली किती जण मोजतात?

मोजायला लाखांची यंत्रं लागत नाहीत. ५० मिलिलिटर बारीक, कोरडी, चाळलेली वाळू घ्यायची, रस्त्यावर ओतायची आणि सपाट चकतीने गोल गोल फिरवत, खाचा भरत, होईल तेवढी पसरायची. झालेल्या वर्तुळाचा व्यास २५ सेंटिमीटर आला तर सरासरी खोली एक मिलिमीटर. व्यास ३६ सेंटिमीटर आला तर खोली निम्म्यावर. वर्तुळ जितकं मोठं तितका रस्ता गुळगुळीत. वाहत्या रस्त्यावर हे कुणी करायला जाऊ नका. पण आपल्या सोसायटीतला नवा रस्ता ताब्यात घ्यायच्या आधी जरूर करून बघा.

बाळीवेस

काका, फार उपयोगी लिहिलंत. मी रोज स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाते. चारचाकीवाल्यांना जे जाणवतही नाही ते आम्हाला दोन चाकांवर लगेच कळतं. पावसात मला तीन जागांची भीती वाटते. सिग्नलजवळचे जाड पांढरे पट्टे, रस्त्याच्या मधोमध आलेली चेंबरची लोखंडी झाकणं, आणि डांबरी रस्त्यातल्या खड्ड्यात बसवलेले पेव्हर ब्लॉक. त्या ब्लॉकवरून जाताना चाक आधी हलतं आणि मग घसरतं. खड्डा परवडला असं वाटतं, कारण खड्डा दिसतो तरी.

आणि नवीन डांबरीकरणाच्या आधी रस्ता यंत्राने खरवडतात ना, तेव्हा त्या उभ्या चरांत स्कूटीचं पुढचं चाक आपोआप इकडेतिकडे ओढलं जातं. दोन-दोन दिवस तसाच रस्ता वाहतुकीला उघडा असतो. एक साधा फलकसुद्धा नसतो.

स्टिअरिंगवाला

ताई, पट्ट्यांचं अगदी खरं. तो थर्मोप्लास्टिक रंग असतो. वितळवून लावतात, रात्री चमकावा म्हणून त्यात काचेचे बारीक मणी असतात. कोरड्यावर काही होत नाही, ओला झाला की पकड एकदम कमी. दुचाकी शिकणाऱ्यांना माझं सांगणं हेच असतं की पट्टा, झाकण किंवा ब्लॉक यांच्यावर असताना ब्रेकही लावायचा नाही, गाडी झुकवायचीही नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरही पिळायचा नाही. वेग आधीच कमी करायचा आणि हँडल सरळ ठेवून पलीकडे जायचं. खरवडलेल्या रस्त्यावर हँडल घट्ट आवळून धरू नका, थोडं सैल सोडा. गाडी डुलते पण पडत नाही.

दहा_चाकी

हैदराबाद लाइनला गाडी चालवतो. सोलापूरच्या उन्हाचं कुणी लिहिलंच नाही की. मे महिन्यात दुपारी डांबर असं पातळ होतंय की लोड गाडी सिग्नलला थांबली की टायर चिकटल्यागत होतंय. काळे चकचकीत पट्टे दिसतेत ना चाकोरीत, तिथं पाऊस पडला की लोड गाडीला ब्रेक मारायचं नावच घ्यायचं नाही. आधीच गिअर उतरवून घ्यायचा. रिकामी गाडी तर त्याहून वाईट, मागनं फिरते.

नवी पोरं विचारतेत काँक्रीट बरं का डांबर. माझं म्हणणं, रात्री काँक्रीट बरं. उजेड चांगला पडतो, लांबचं दिसतंय. काळ्या ओल्या डांबरावर समोरच्याचे दिवे नुसते चमकतेत, कडेला बैल उभा का माणूस ते कळत नाही.

निवृत्त_अभियंता

दहा_चाकी यांनी नेमकी सोलापूरची दुखरी जागा सांगितली. ते चकचकीत पट्टे म्हणजे डांबर वर पाझरून आलेलं असतं, आणि त्यात खडी बुडून जाते. खरखरीतपणाही गेला आणि खाचाही गेल्या. कोरडं असताना नवा काळाभोर रस्ता वाटतो, म्हणून फसवं आहे.

कारण असं. हवेचं तापमान ४२-४३ अंश असतं तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्या वर जातो. आपल्याकडे डांबराची प्रत घट्टपणावर ठरते, व्हीजी-१०, २०, ३० आणि ४०. आकडा मोठा तितकं डांबर घट्ट. मानकाप्रमाणे व्हीजी-३० किमान ४७ अंशांना आणि व्हीजी-४० किमान ५० अंशांना मऊ पडतं. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात वरचं डांबर मऊ होणारच, ते टाळता येत नाही. भार तोलायचा असतो तो एकमेकांत घट्ट बसलेल्या खडीने. त्यासाठी मिश्रणात डांबराचं प्रमाण मोजून-मापून आणि हवेच्या पोकळ्या साधारण ३ ते ५ टक्के राहाव्या लागतात. उन्हाने फुगलेल्या डांबराला जायला ती जागा असते. डांबर जास्त झालं, किंवा उसाच्या आणि वाळूच्या ओव्हरलोड गाड्यांनी थर दाबून पोकळ्या संपवल्या, की डांबराला वर येण्याशिवाय मार्ग उरत नाही. लोकांना वाटतं डांबर कमी टाकलं की भ्रष्टाचार. जास्त पडलं तरी रस्ता तितकाच धोक्याचा होतो.

जड वाहतुकीच्या आणि तापणाऱ्या रस्त्यांवर वरच्या थराला व्हीजी-४० किंवा पॉलिमर घातलेलं डांबर वापरतात ते याचसाठी. ठेकेदाराच्या फलकावर लांबी आणि रक्कम असते. मी तर म्हणेन, डांबराची प्रतही लिहायला लावा.

तात्पुरता इलाज जुनाच आहे आणि चालतो. अशा पट्ट्यांवर गरम केलेली कोरडी जाड वाळू किंवा बारीक खडी पसरून रोलर फिरवायचा. उरलेली झाडून घ्यायची, हे मात्र विसरायचं नाही. सुटी बारीक खडी तशीच राहिली तर एक धोका काढून दुसरा ठेवल्यासारखं होतं.

होटगीरोडकर

काका, पटलं. पण मग काँक्रीटवर टायर फुटतात म्हणतात त्याचं काय? समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून घरचे लोक प्रत्येक प्रवासाआधी हेच बोलतात. आमच्या मेव्हण्यांनी तर काँक्रीटच्या रस्त्यासाठी म्हणून टायरमधली हवा मुद्दाम कमी करून घेतली.

रबर_आणि_रिम

मेव्हण्यांना आजच्या आज हवा भरून घ्यायला सांगा! टायरच्या धंद्यात आहे म्हणून कळकळीने सांगतोय. टायर तापतो तो रस्त्याच्या उन्हाने थोडा आणि स्वतःच्या वाकण्याने फार जास्त. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. ताशी १०० च्या वेगाने तासभर हे चालू राहिलं की आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटतात, आणि मग फुटतो. दुकानात येणारे फुटलेले टायर बघितले तर बाजूची भिंत आतून घासून काळी पूड झालेली असते. ती खूण कमी हवेची. लांब, सरळ, खड्डा नसलेल्या रस्त्यावर माणूस वेग कमीच करत नाही, म्हणून टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. साध्या रस्त्यावर गाव, स्पीडब्रेकर, टपरी यांमुळे ती आपोआप मिळते.

हवा कंपनीने सांगितलेली, दाराच्या खांबावर स्टिकर असतो तेवढीच, आणि सकाळी गाडी थंड असताना. माणसं आणि सामान भरून निघणार असाल तर त्याच स्टिकरवर त्यासाठी वेगळा आकडा असतो, तो भरायचा. वाटेत तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती सोडू नये.

टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ असेल तर २०२१ सालचा ३२ वा आठवडा. गाडी कमी चालते, नक्षी नवी दिसते, पण आपल्या उन्हात उभ्या गाडीचं रबरही कडक होतं, तडे जातात. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला नीट धरत नाही.

आणि पाण्याचं म्हणाल तर हवेचा तिथेही संबंध आहे. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र काढलं. त्याप्रमाणे ३२ पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगायला लागतो, आणि २२ पीएसआय असेल तर ७८ लाच. नक्षी झिजलेली असेल तर त्याच्याही आधी. हवा कमी करून पकड वाढते हा समज शेतातल्या चिखलापुरता ठीक, महामार्गावर नाही.

सीनाकाठ

मोहोळकडचा शेतकरी. तुम्ही सगळे रस्ता कशाचा बनवला ते बोलताय. आमच्याकडे रस्त्यावर काय येऊन पडतं ते जास्त महत्त्वाचं. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर फडातून थेट डांबरी रस्त्यावर चढतात. चाकाला काळ्या मातीचे पेंड असतात. दोनशे-तीनशे फूट ती माती रस्त्यावर सुटत जाते. वाळली की धूळ, आणि दव पडलं किंवा भुरभुर आली की त्याच्यावर मोटारसायकल उभी राहत नाही. वर उसाचं पाचट. रात्री पाचटाखाली खड्डा आहे का दगड तेही दिसत नाही.

दुसरं, रागावू नका, पण लिहितोच. सोयाबीन, तूर, ज्वारी रस्त्यावर वाळत घालणं. आम्हीच घालतो. गावाला कडक, तापलेली, स्वच्छ जागा एवढीच असते. पण भुसकटावरून मोटारसायकल सरळ घसरते, आणि दाण्याच्या ढिगाभोवती लावलेले दगड तसेच रस्त्यावर राहतात. आमच्या वाडीत आता ठरवलंय की ताडपत्र्या शाळेमागच्या पटांगणात टाकायच्या, रस्त्यावर नाही. फडातून रस्त्यावर चढायच्या जागी ट्रॉलीभर खडी टाकून ठेवली तरी निम्मी माती तिथेच झडते. कारखान्याच्या गट-ऑफिसात ही मागणी ऊसतोड सुरू व्हायच्या आधी करायला पाहिजे. तोड लागली की कोण ऐकतंय.

आणि साइडपट्ट्या! पावसाने मुरूम वाहून जातो, डांबराची कड वीतभर वर राहते. समोरून डबल ट्रॉली आली की मोटारसायकलवाला खाली उतरतो आणि परत चढताना पडतो. आमच्या भागात हे नेहमीचंच.

स्टिअरिंगवाला

सीनाकाठ भाऊ, भुसकटाचं तुम्ही स्वतः लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

साइडपट्टीवर थांबून लिहितो, कारण हे शिकवण्यासारखं आहे आणि कुठेच शिकवत नाहीत. चाक कडेवरून खाली गेलं की माणूस दचकतो आणि स्टिअरिंग जोरात रस्त्याकडे वळवतो. टायरची बाजू डांबराच्या उभ्या कडेला घासत राहते, वर चढत नाही. माणूस आणखी वळवतो. मग एकदम चाक वर उडी मारतं, आणि पुढची चाकं तोवर बरीच वळलेली असल्यामुळे गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये जाते. समोरून कोण येतंय यावर पुढचं सगळं. चारचाकी उलटण्याचंही हेच कारण असतं.

करायचं असं: स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, ब्रेक कचकन दाबायचा नाही. एक चाक मुरमावर आणि एक डांबरावर असताना जोरात ब्रेक दाबला तर गाडी पकड असलेल्या बाजूला फिरते. वेग अगदी कमी होऊ द्यायचा, कड जिथे कमी उंच दिसेल तिथपर्यंत तसंच जायचं, मग मागचं-पुढचं बघून बेताने वर घ्यायचं. मोटारसायकल असेल तर कडेला समांतर राहून चढायचा प्रयत्नच करू नका. थांबा, आणि कडेला शक्य तितकं आडवं करून चढवा.

एबीएस असलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. पण सुट्या खडीवर आणि मुरमावर थांबायचं अंतर त्यानेही कमी होत नाही, उलट कधी कधी वाढतं.

पुण्याला_गेलेला_सोलापूरकर

सुट्टीला येतो तेव्हा एक गोष्ट खटकते. नवा रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा का होतो? बांधकाम वाईट की आणखी काही? आणि प्लास्टिकचे रस्ते करतात म्हणे, त्याने फरक पडेल का?

निवृत्त_अभियंता

दोन्हीही असू शकतं, पण आपल्याकडे खालची जमीनही विचारात घ्यावी लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. वर कितीही चांगलं डांबर टाका, खाली जमीन वर्षातून एकदा फुगणार आणि एकदा बसणार असेल तर वर लाटा येणारच. कडेला ओल आधी शिरते, म्हणून भेगा कडेला समांतर पडतात आणि कड खचते. सीनाकाठ म्हणतात ती साइडपट्टी आणि ही भेग एकाच दुखण्याच्या दोन खुणा आहेत. काळी माती खणून काढणं, किंवा चुना-सिमेंट मिसळून ती सुधारणं, किंवा वर न फुगणाऱ्या चांगल्या मुरमाचा जाड थर देणं, असे मार्ग आहेत. आणि सगळ्यांत आधी गटार. रस्त्याच्या बाजूला पाणी तुंबलेलं असेल तर बाकी कशाचाच उपयोग नाही. काँक्रीटसुद्धा यातून सुटत नाही. खालची माती बसली की काँक्रीटची पाटी (स्लॅब) अधांतरी राहते आणि जड गाडीखाली तडकते.

लाटा आणि चाकोऱ्या यांचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो. कमी पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला साधारण १.७ टक्के, म्हणजे मीटरला १७ मिलिमीटर. चाकोरी त्याहून खोल झाली की पाणी कडेला जातच नाही, नेमकं चाकांच्या वाटेत साचतं. रबर_आणि_रिम यांनी लिहिलेलं तरंगणं तिथे होतं.

प्लास्टिकबद्दल: मदुराईच्या त्यागराजर कॉलेजमधले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ते तंत्र पुढे आणलं, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. गरम खडीवर प्लास्टिकच्या कचऱ्याचा लेप बसतो, मग त्यावर डांबर. पाण्याने डांबर सुटणं कमी होतं, म्हणजे खड्डे कमी. पकड मात्र शेवटी वर उघडी राहणारी खडी आणि खाचा यांवरच ठरते. आणि खालची काळी माती प्लास्टिकने बदलत नाही.

बाळीवेस

हे सगळं वाचून आता तक्रार करताना काय लिहायचं ते कळायला लागलंय. आजवर आपण फक्त 'रस्ता खराब आहे' असं लिहितो. त्यावर कुणी काय करणार?

स्टिअरिंगवाला

हो ताई. राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे पुणे-हैदराबाद ६५ किंवा विजयपूर-तुळजापूर ५२ वर, १०३३ हा क्रमांक चालतो, आणि 'राजमार्गयात्रा' अ‍ॅपवरून फोटोसह तक्रार नोंदवता येते. रस्ता महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर कागद फिरत राहतो. मजकुरात जवळचा किलोमीटर दगड, दिशा, लेन आणि नेमकी खूण लिहा. 'चाकोरीत डांबर वर आलं आहे, लांबी अंदाजे इतकी', 'साइडपट्टी खचली आहे, कडेची उंची इतकी', 'ओल्या रस्त्यावर वळणावर दुचाकी घसरतात'. फोटोत मोजपट्टी किंवा निदान पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे खोली कळते. आणि नव्या रस्त्याच्या फलकावर दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपायच्या आत तक्रार गेली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी.

होटगीरोडकर

एक शेवटचा प्रश्न काका. आमच्या कॉलनीसमोरचा काँक्रीट रस्ता मजबूत आहे, एक तडा नाही, पण वळणावर पावसात रोज कुणीतरी पडतं. वाळूची चाचणी रविवारी पहाटे कॉलनीच्या आतल्या भागात करून बघितली, वर्तुळ चांगलंच मोठं आलं. आता हा मजबूत रस्ता फोडून नवा करा म्हणायचं का?

निवृत्त_अभियंता

अजिबात नाही, फोडू नका. टणक काँक्रीटला हिऱ्याच्या पात्यांच्या यंत्राने वरून खाचा पाडता येतात किंवा वरचा थर दोन-चार मिलिमीटर घासून खरखरीत करता येतो. खर्च नव्या रस्त्याच्या मानाने कमी, आणि काम रात्रीत उरकून सकाळी रस्ता उघडता येतो. सगळ्या रस्त्याला करायचीही गरज नाही. वळण, त्याच्या आधीची ब्रेक लावायची जागा आणि चौकाजवळचा भाग एवढं पुरे. खाचांमधली माती वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढायला सांगा. अर्जात 'रस्ता नवीन करा' असं न लिहिता 'वळणावर ग्रूव्हिंग करा' असं लिहा, आणि वर्तुळाच्या व्यासाचा आकडा जोडा. तोवर वळणाच्या अलीकडे वेग कमी करण्याचा फलक आणि एक दिवा एवढं तरी लगेच मागा. मसुदा करून इथे टाका, मी बघून देतो.